दिवेआगरची जमीन: विकताना, घेताना आणि खोल्या भाड्याने देताना

दिवेआगरला जमीन घ्यावी का, असा प्रश्न मुंबई-पुण्यात आता सहज विचारला जातो. आमच्या वाचकांचा प्रश्न बहुतेक वेळा उलट्या बाजूने येतो. रायगडच्या किनारपट्टीतील गावी आजोबांच्या नावावर दहा-पंधरा गुंठे आहेत, एक जुने घर आहे, दलाल चुलत्यांना भेटून गेला आहे. मग विकून टाकावे का? हा लेख दोघांसाठी आहे, पण आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. या किनाऱ्यावर नवी जमीन विकत घेऊन, त्यावर बंगला बांधून, त्याच्या भाड्यातून पैसे फेडण्याचे गणित सहसा जुळत नाही. ज्याच्याकडे जमीन आणि घर आधीपासून आहे, त्याचे मात्र जुळते. म्हणजे ज्याला विकायला सांगितले जात आहे त्याचीच बाजू वरचढ आहे, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

भाव कशामुळे चढले

दिवेआगर श्रीवर्धन तालुक्यात येते. मुंबईहून येणारा माणूस माणगावला मुंबई-गोवा महामार्ग सोडतो आणि म्हसळा, बोर्ली पंचतन करत गावात पोहोचतो. मुरूडकडून आला तर आगरदांडा ते दिघी फेरीबोटीने गाडीसह खाडी ओलांडतो. हा प्रवास सोपा होईल, या आशेवर गेली काही वर्षे भाव वाढत आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांच्या यादीत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचे नाव आले. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा तर कित्येक वर्षांची आहे. दलालाच्या तोंडी ही तिन्ही नावे एका दमात येतात.

त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे, हे लक्षात घ्यावे. पूल आणि रस्ता पर्यटक आणतात, पण ते त्याला त्याच दिवशी परतही नेतात. प्रवास सोपा झाला की मुक्काम वाढेलच असे नाही. आणि दिघीला उद्योग खरोखर उभे राहिले, तर आमच्या मते पहिली मागणी समुद्राकाठच्या बंगल्यांना येणार नाही. ती बोर्ली पंचतनसारख्या बाजाराच्या गावातील महिनेवारी खोल्यांना येईल. तिथे वाडवडिलांचे घर असलेल्यांनी ते पाडून विकण्याची घाई करू नये.

सोन्याचा गणपती, चोरी आणि वादळ

भाड्याच्या धंद्यात उतरण्याआधी या गावाची गेल्या पंचवीस-तीस वर्षांची कमाई कशी वर-खाली झाली, ते पाहणे उपयोगाचे आहे. दिवेआगर मुळात नारळ-सुपारीच्या वाड्यांचे गाव. नोव्हेंबर १९९७ मध्ये एका वाडीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि गाव नकाशावर आले. घरोघरी खोल्या आणि जेवणाची सोय सुरू झाली. २४ मार्च २०१२ च्या पहाटे मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले आणि मुखवटा चोरीला गेला. त्याबरोबर भाविकांचा ओघ आटला. समुद्रासाठी येणारे पर्यटक येत राहिले म्हणून धंदा तगला. मग २०२० मध्ये टाळेबंदी, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ नेमके याच किनाऱ्यावर येऊन धडकले. नवी मूर्ती बसली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये.

वादळाचा हिशोब विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाड्यांतील पोफळी-माड आडवे झाले, पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. शासनाने नियम बदलून बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकायला आकडा मोठा वाटतो. एका हेक्टरात साधारण १०० गुंठे धरले तर गुंठ्याला ५०० रुपये पडतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार! पडलेल्या झाडांच्या जागी नवी पोफळ लावली तर ती धरायला पाच-सात वर्षे जातात. ज्या घरांत वाडीबरोबर दोन-तीन खोल्यांचे भाडेही येत होते, त्यांना उभे राहणे त्या मानाने सोपे गेले. उलट सगळी पुंजी किनाऱ्यावरच्या एका इमारतीत घातलेल्यांचे हप्ते वादळ बघून थांबले नाहीत.

सातबाऱ्यावर आधी काय वाचायचे

देण्याघेण्याच्या कागदांशी या गावाचा संबंध जुना आहे. दिवेआगरला सापडलेला शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीतील जुन्यात जुन्या लेखांत गणला जातो. आजचा कागद सातबाऱ्याचा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी तलाठ्याच्या दारात बसावे लागत नाही. पण उतारा काढून लोक फक्त नाव आणि क्षेत्र पाहतात. पाहायची खरी जागा दुसरीच आहे: भूधारणा पद्धती आणि 'इतर हक्क' हा रकाना.

'भोगवटादार वर्ग १' असेल तर मालकाला विक्रीचा मोकळा अधिकार असतो. 'वर्ग २' असेल तर शासनाची अट आहे आणि परवानगीशिवाय झालेला व्यवहार उद्या रद्द होऊ शकतो. आता आपल्या समाजातील किती घरांची जमीन वर्ग २ मध्ये येते, याचा विचार करा. महार वतनाच्या, हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी याच वर्गातल्या. वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने मात्र १९५८ च्या कायद्याने संपली. जमिनी वतनदारांना पुन्हा प्रदान झाल्या, त्या नव्या व अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर 'महार वतन', 'इनाम वर्ग ६ ब' किंवा 'नवीन अविभाज्य शर्त' असे शब्द दिसले, की जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा यांशिवाय ती विकता येत नाही हे समजावे. नजराणा बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो.

दलाल इथेच खेळी करतो. 'ही जमीन अडकलेली आहे, तुम्हाला कधीच विकता येणार नाही, मी कमी भावात घेऊन परवानगीचे बघतो' असे सांगून तो साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो. पैसे थोडे देतो. वर्षे जातात, परवानगी त्याच्या सोयीने येते आणि वाढलेला भाव त्याच्या खिशात पडतो. २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा मुखत्यारपत्र हा शब्द वर्तमानपत्रांतून अनेकांनी पहिल्यांदा नीट वाचला असेल. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही ते दिलेले असेल तर ते नोंदणीकृत पत्रानेच रद्द करावे, आणि रद्द केल्याची लेखी सूचना त्या माणसाला व दुय्यम निबंधक कार्यालयाला द्यावी. अडकलेली जमीन स्वतःच्या नावावर ठेवून स्वतः कसणे किंवा तिथल्या घरात राहणे याला कोणाची परवानगी लागत नाही, ही साधी गोष्ट दलालाच्या बोलण्यात बुडून जाते.

भूमिहीनांना मिळालेल्या सरकारी जमिनी, तसेच कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना मिळालेल्या जमिनी यांनाही हस्तांतराची बंदी आहे. आणि आपण घेणारे असू, तर समोरच्या कातकरी किंवा ठाकर कुटुंबाच्या जमिनीला हात लावू नये. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि मंजुरीशिवाय घेतलेली जमीन परत करावी लागते. कायदा नसता तरी आम्ही हेच लिहिले असते.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीची गोष्ट थोडी वेगळी आहे. इतर हक्कात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी नोंद असते आणि लोक घाबरतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२ म प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. आकारणीच्या ४० पट नजराणा भरून काम होते. कोकणातल्या लहान हिश्शांची आकारणी काही रुपयांतच असते, त्यामुळे ही रक्कमही किरकोळ निघते. ही माहिती नसल्यामुळे कोणी जमीन स्वस्तात देऊ नये.

वारस आणि बहिणी

कोकणातल्या एका सातबाऱ्यावर वीस-तीस नावे असणे नवल नाही. अर्धी माणसे मुंबईत, काही हयात नाहीत, आणि वारसनोंद दोन पिढ्या राहिलेली. दलाल अशा वेळी सगळ्यांना गाठत नाही. तो पैशाची निकड असलेल्या एकाला गाठतो आणि त्याचा अविभक्त हिस्सा घेतो. मग तो स्वतः सहहिस्सेदार होतो आणि बाकीच्यांना कोंडीत पकडतो.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. आधी वारसनोंद करून घ्या. मग सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज करा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी खुणावून घ्या. गणपतीत किंवा मे महिन्यात सगळी भावंडे गावी जमतात, तेव्हाच कागद उरकावेत.

बौद्धांना वारसाहक्कासाठी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. त्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो मिळतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला. तरी आपल्याकडेही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही 'रीत म्हणून' घेतली जाते. ज्यांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले त्यांचा फोटो भिंतीवर लावून त्याच खोलीत ही सही घेऊ नये, इतकेच आम्ही म्हणू. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा: बहिणीचे नाव वगळून दिलेले खरेदीखत न्यायालयात अडकते, आणि समजदार गिऱ्हाईक अशा जमिनीपासून लांब राहते.

जमीन पूर्ण विकण्याआधी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. महाराष्ट्रात शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच विकत घेता येते. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे कलम ६३ तसे सांगते. आपल्या घराला शेतकरी ठरवणारा पुरावा म्हणजे तो आजोबांचा सातबारा. शेवटचा गुंठा विकला, की पुढच्या पिढीला पुन्हा शेतजमीन घेताना अडचण येते. चार गुंठे का होईना, नावावर ठेवावेत.

नव्याने घेणाऱ्यांसाठी

जाहिरातीत 'एन.ए. प्लॉट, समुद्रापासून पाच मिनिटे' असे लिहिलेले असते. बिनशेतीचा आदेश हातात घेऊन वाचल्याशिवाय त्या दोन अक्षरांना किंमत नाही. पुष्कळदा प्रत्यक्षात मोठी शेतजमीन असते आणि तिच्यात वीस जणांना 'हिस्सा' विकला जातो. ऑगस्ट २०२३ पासून राज्यात प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. त्याखालचा शेतीचा तुकडा पाडून विकणे तुकडेबंदी कायद्यात अडकते. अलीकडे निवासी भागांसाठी सवलती आल्या आहेत, पण आपल्या गट क्रमांकाला त्या लागू आहेत का, हे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्यावे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट पाडले असतील तर प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते. क्रमांक मागा, संकेतस्थळावर तपासा.

गावठाणातील घर घेताना ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा दाखवतात. घरपट्टी कोणाच्या नावावर येते एवढेच तो सांगतो. तो मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळते, ती मागावी. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी बिनशेतीची वाट कायद्याने सोपी केली आहे. घ्यायचीच असेल तर अशी जागा बघावी. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, आणि तो वकील दलालाने आणलेला नसावा. नोंदणी फी १ टक्का असते, पण ३० हजारांच्या वर जात नाही. मुद्रांक शुल्क वेगळे.

समुद्र किती लांब आहे

सर्वांत जास्त पैसे याच प्रश्नावर बुडतात. किनारा नियमन क्षेत्राचे नियम भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंत लागू होतात. ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे तिसऱ्या वर्गात, २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या २०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेने चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोकसंख्या असलेल्या गावांसाठी ही पट्टी ५० मीटरवर आणली. विरळ वस्तीच्या गावांना २०० मीटरच राहिले. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर २०० मीटर धरूनच चालावे. खाडीच्या काठालाही नियम लागू आहेत, हे भरडखोल, दिघी बाजूला जागा बघणारे विसरतात. रेषा कुठून जाते हे पावले मोजून ठरत नाही. मंजूर नकाशावर गट क्रमांक बसवून घ्यावा लागतो.

'सगळेच बांधतात' हे उत्तर पुरत नाही. याच जिल्ह्यात किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी स्फोटके लावून पाडला गेला. त्याचे नुकसान त्याला परवडले असेल. भविष्य निर्वाह निधी काढून बांधणाऱ्याला परवडणार नाही.

याच नियमांत स्थानिकांसाठी एक दार उघडे आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार तिसऱ्या वर्गातील गावांत, मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या आहे त्या घरात, जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता, पर्यटकांची राहण्याची सोय करता येते. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीही मूळ जोत्याच्या मापात शक्य आहे. बाहेरून येणाऱ्याला ज्या पट्टीत वीटही ठेवता येत नाही, तिथे आपले आजोबांचे घर पाहुण्यांना खुले करता येते. जुने घर पाडून जमीन 'मोकळी' करणारा हा हक्क घालवून बसतो.

भाड्याचा हिशोब

एक नमुना मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपले आपण घालून बघावेत. चार खोल्या, रात्रीला २,००० रुपये. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर साधारण ३५ आठवडे उरतात, त्यांच्या शनिवार-रविवारच्या ७० रात्री. दिवाळी, नाताळ, मे महिन्याच्या आणखी २०. अशा ९० रात्रींत सरासरी ६० टक्के खोल्या भरल्या तर २१६ खोली-रात्री होतात आणि ४ लाख ३२ हजार जमा होतात. साफसफाई, चादरी, वीज, पाणी, ऑनलाइन कंपनीचे कमिशन, पावसानंतरची रंगरंगोटी आणि राखणदाराचा पगार यांत निम्मे जातात. हाती २ लाख १६ हजार.

जमीन आणि बांधकाम मिळून ६० लाख घातले असतील, तर हे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा कमी. त्यातले ४० लाख ९ टक्क्यांनी कर्जाऊ असतील तर पहिल्या वर्षाचे व्याजच ३ लाख ६० हजार, म्हणजे कमाईपेक्षा दीड लाख जास्त. आता तोच हिशोब जुन्या घरासाठी करा. पडवी, न्हाणीघर, शौचालय, वायरिंग आणि छप्पर नीट करून दोन खोल्या काढायला ६ लाख लागले, आणि कमाई वरच्याच्या निम्मी, १ लाख ८ हजार धरली, तर हे १८ टक्के होतात. घरचेच माणूस जेवण करत असेल, तर त्याचे वेगळे. आमचे सुरुवातीचे मत या दोन ओळींवर उभे आहे.

या सहा लाखांसाठी सावकाराकडे जाऊ नये. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांना प्रकल्प खर्चाचे २० टक्के महामंडळ, ७५ टक्के बँक आणि ५ टक्के स्वतः, अशी विभागणी असते. व्यवसाय बाईच्या नावावर असेल तर राज्याच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारीची नोंदणी, ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र आणि जेवण देणार असाल तर अन्न परवाना एवढे कागद लागतात. वर्षाला १२ लाखांखाली उलाढाल असलेल्या घरगुती खानावळीला साधी नोंदणी पुरते, तिची फी वर्षाला १०० रुपये.

कराचे थोडक्यात. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन कंपनीमार्फत आलेल्या खोलीवर जीएसटी ती कंपनीच भरते. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. महिनेवारी भाडे घेत असाल तर आयकरात मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के सूट मिळते. रोजच्या पाहुण्यांचे उत्पन्न मात्र धंद्याचे धरले जाते, म्हणून खर्चाच्या पावत्या जपाव्यात.

विमा घेताना विमा कंपनीला खोल्या भाड्याने देतो हे सांगावे. 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी वादळ-पुराचे नुकसान भरून देते, पण ती राहत्या घरासाठी आहे. धंद्याच्या वास्तूला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्यावी लागते. खरे लपवले तर दावा नाकारला जातो, आणि ते कळते वादळानंतर.

विहिरीबद्दलही सांगायला हवे. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून पंपाने भरमसाट उपसा केला की समुद्राचे पाणी आत शिरते आणि विहीर मचूळ होते. मग वाडीही जाते आणि पाहुणेही. खोल्या किती काढायच्या हे जागेवरून न ठरवता मे महिन्यातल्या विहिरीच्या पाण्यावरून ठरवावे.

पाहुणे कुठून आणायचे? जूनपासून किनारा ओस पडतो, पण याच टापूत तळ्याजवळ मांदाड खाडीकाठी कुडा लेणी आहेत: २६ बौद्ध लेणी, वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी अशा साध्या माणसांनी दिलेल्या दानांचे शिलालेख त्यांत आहेत. महाडला चवदार तळ्यावर २० मार्चला राज्यभरातून लोक येतात. या दोन्हींची माहिती देणारा, एक दिवसाची वाट आखून देणारा घरमालक किनाऱ्यावर क्वचितच भेटतो. ज्यांना शनिवारच्या गर्दीवर अवलंबून राहायचे नाही, त्यांनी इकडे बघावे. आणि खोली देताना ओळखपत्र जरूर घ्यावे, पण आडनावावरून पाहुणा पारखू नये. तो अनुभव आपल्या घरांनी पुरेसा घेतला आहे.

घर दुसऱ्याला चालवायला देताना

मुंबईत नोकरी आणि गावी घर असेल तर कोणीतरी चालवणारा लागतो. बाहेरचा माणूस 'वर्षाला ठोक रक्कम देतो, घर माझ्याकडे द्या' म्हणून येतो. तोंडी देऊ नये. घर राहण्यासाठी महिनेवारीने देत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदवावाच लागतो. ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही नोंदवावा लागतो. धंदा चालवायला देत असाल तर करारात मुदत, आगाऊ रक्कम, बांधकामात बदल करण्यास मनाई, वाडीतील नारळ-सुपारीचे उत्पन्न कोणाचे, विजेचे बिल कोणाच्या नावावर आणि वादळात छप्पर गेले तर दुरुस्ती कोणी करायची, हे सगळे लिहावे. दिवेआगरला शेवटचा मुद्दा पहिला लिहावा.

घरचाच चुलतभाऊ किंवा वहिनी चालवत असेल तर लोक कागद करायला लाजतात. भांडणे तिथेच जास्त होतात. गावी राहून खोल्या झाडणाऱ्या, पहाटे चहा करणाऱ्या माणसाचा वाटा मुंबईत बसलेल्या हिस्सेदारापेक्षा मोठा असावा, असे आमचे मत आहे. आधी खर्च, मग चालवणाऱ्याची मजुरी, मग पुढच्या पावसाळ्यासाठी बाजूला काढलेली रक्कम, आणि उरलेले हिस्स्याप्रमाणे. हा क्रम पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून बहिणींसह सर्वांच्या सह्या घ्याव्यात, आणि दरवर्षी गणपतीत वही सगळ्यांसमोर उघडावी.